गळणाऱ्या थेंबाचा इतिहास

अकोला जिल्ह्यातले बाळापूर म्हटले की बहुतेकांना दोन गोष्टी आठवतात. एक, मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा विटांचा किल्ला. दुसरी, मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाने ओळखली जाणारी दगडी छत्री. आम्हांला मात्र बाळापूर म्हटले की एक थेंब आठवतो. मन नदीच्या काठी आमच्या मामांचे शेत होते. तिथे विहिरीवर तेलइंजिनावर चालणारा पंप होता आणि त्या पंपाच्या दांड्यापाशी, जिथे दांडा पंपाच्या पोटात शिरतो तिथे, एकसारखे पाणी ठिबकत असे.

त्या वर्षी आम्ही पदवीच्या पहिल्या वर्गात होतो. पदार्थविज्ञानाचे थोडेसे ज्ञान नुकतेच डोक्यात शिरले होते, त्यामुळे गळणारे पाणी पाहून राहवले नाही. मामा गावात गेलेले पाहून आम्ही पान्हा घेतला आणि ठिबकणे पूर्ण थांबेपर्यंत दोन्ही नट आवळले. अर्ध्या तासाने जळका वास आला, मग धूर दिसला. पंप बंद करून खोलला तेव्हा दांड्यावर बोटाला लागतील एवढ्या खोल चरा पडलेल्या होत्या. गहू ओंबीवर आला होता आणि दुसरा दांडा मिळून बसेपर्यंत चार दिवस गेले. मामा रागावले नाहीत. पंप दुरुस्त करायला आलेले मिस्त्री तेवढे म्हणाले, "थेंब पडू द्या ना जी. थेंब बंद झाला का शाप जयला म्हून समजा."

'शाप' म्हणजे शाफ्ट, आणि 'जयला' म्हणजे जळला. मिस्त्रींच्या या एका वाक्यामागे सुमारे साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे, हे आम्हांला पुष्कळ उशिरा कळले. तोच इतिहास इथे सांगायचा आहे. विहिरीवरच्या पंपाचा दांडा आणि समुद्रातल्या मोटरबोटीच्या पंख्याचा दांडा या दोघांपुढचा प्रश्न एकच आहे, आणि त्या प्रश्नाला माणसाने शोधलेले उत्तरही एकच आहे.

प्रश्न काय आहे?

एका भिंतीच्या एका बाजूला पाणी आहे, दुसऱ्या बाजूला हवा. भिंतीतून एक दांडा आरपार जातो आणि तो दांडा फिरला पाहिजे. फिरायचा म्हणजे भोक दांड्यापेक्षा थोडे मोठे हवे. भोक मोठे म्हणजे फट आली, आणि फट आली की पाणी आले.

बोटीत ही फट किती महाग पडते याचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घेण्याजोगा आहे. समजा दांडा २५ मिलिमीटर व्यासाचा आहे, त्याच्याभोवती सगळीकडून १ मिलिमीटर फट आहे आणि ही जागा पाण्याच्या पातळीखाली अर्धा मीटर आहे. फटीचे क्षेत्रफळ सुमारे ८२ चौरस मिलिमीटर येते. अर्धा मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूला जो वेग येतो, त्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३.१ मीटरने, पाणी आत घुसू पाहते. फटीतून जाताना प्रवाह आकसतो म्हणून उत्तराला ०.६ ने गुणले, तरी मिनिटाला सुमारे ९ लिटर पाणी आत येते. रात्रीच्या आठ तासांत चार टनांहून अधिक! सकाळी मालक किनाऱ्यावर येईल तेव्हा लहान बोट पाण्याखाली गेलेली असेल.

फट तर हवी, पण पाणी नको. यावर उपाय असा की दांड्याभोवती एक छोटी डबी करायची, तिच्यात मऊ दोरीची कडी ठासून भरायची आणि वरून एक झाकण नटांनी आवळायचे. दोरी दबली की ती आडवी फुगते, दांड्याला आणि डबीच्या भिंतीला चिकटून बसते. डबीला स्टफिंग बॉक्स, झाकणाला ग्लँड आणि दोरीला पॅकिंग म्हणतात. आपल्याकडचे कारागीर तिन्हींना मिळून 'ग्लँड' म्हणतात, आणि त्यांचे काही बिघडत नाही.

वॉटने केलेली अडचण

ही डबी कोणी शोधली? सॅम्युएल मोरलंड या इंग्रज गृहस्थाने १६७५ साली पाणी उपसण्याच्या एका पंपाचे एकस्व घेतले. त्यात भरीव दट्ट्या भरणातून वरखाली सरकत असे. ग्लँडच्या शोधाचे श्रेय सामान्यपणे त्यालाच देतात. पण या डबीची खरी गरज निर्माण झाली ती वाफेच्या इंजिनामुळे.

न्यूकोमेनचे इंजिन १७१२ साली खाणीतले पाणी उपसू लागले. त्याचा सिलिंडर वरून उघडा होता. आत वाफ भरायची, थंड पाण्याचा फवारा मारून ती निववायची आणि मग बाहेरच्या हवेच्या दाबाने दट्ट्या खाली जायचा. दट्ट्याच्या कडेने हवा आत शिरू नये म्हणून कडेला चामडे लावीत आणि वर थोडे पाणी साचवून ठेवीत. झाकणच नव्हते, त्यामुळे झाकणातून दांडा बाहेर काढायचा प्रश्नही नव्हता.

बाळापूरचा किल्ला औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याने बांधायला घेतला आणि एलिचपूरच्या नवाब इस्माईलखानाने १७५७ साली पुरा केला. त्याच १७५७ साली जेम्स वॉट नावाचा एकवीस वर्षांचा कारागीर ग्लासगो विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करायच्या कामावर लागला. काही वर्षांनी त्याच्याकडे न्यूकोमेनच्या इंजिनाचा एक नमुना दुरुस्तीसाठी आला. प्रत्येक फेरीत सिलिंडर थंड करायचा आणि पुन्हा तापवायचा यात बहुतेक कोळसा वाया जातो, हे वॉटच्या लक्षात आले. वाफ निववायला वेगळे भांडे ठेवायचे ही कल्पना त्याला १७६५ साली सुचली आणि १७६९ साली त्याने एकस्व घेतले.

पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट बहुधा इथेच संपते. पण पुढे काय झाले ते पाहा. सिलिंडर सदैव गरम राहायचा असेल तर थंड हवा त्यात येता कामा नये. म्हणून वॉटने सिलिंडरला झाकण लावले आणि हवेऐवजी वाफेने दट्ट्या ढकलला. झाकण लागले, आणि दट्ट्याचा दांडा आता त्या झाकणातूनच बाहेर काढणे भाग पडले. कोळशाची बचत झाली, पण तिची किंमत एका स्टफिंग बॉक्सच्या रूपाने मोजावी लागली. सिलिंडरच्या आत दट्ट्याची कडही वाफ सोडत होतीच. ती बुजवण्यासाठी वॉटने बूच, तेलात भिजवलेल्या चिंध्या, जुन्या टोप्या, कागद, अगदी घोड्याची लीदसुद्धा वापरून पाहिल्याची नोंद आहे. शेवटी टिकली ती चरबीत भिजवलेली तागासारख्या तंतूंची दोरी. विल्किन्सनने १७७४-७५ च्या सुमारास मोठे सिलिंडर नेमक्या गोलाईत कोरण्याचे यंत्र केले, तेव्हा कुठे वॉटचे इंजिन कारखान्यात उभे राहू शकले.

पंखा पाण्याखाली गेला

आता बोटीकडे येऊ. पहिल्या आगबोटींना दोन्ही बाजूंना मोठी वल्ह्यांची चाके असत. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट १८२९ साली पाण्यात उतरली आणि १८३० साली मुंबईहून निघून सुएझला पोचली. तीही चाकांचीच होती. मुंबईच्या वाडिया घराण्यातील आर्देशीर करसेटजी यांनी १८३३ साली 'इंडस' ही आगबोट तयार केली. हेच आर्देशीर पुढे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सभासद झाले. चाकांच्या या बोटींत एक मोठी सोय होती. चाकाचा दांडा पाण्याच्या पातळीच्या वर असे. बोटीच्या अंगाला पाण्याखाली भोक पाडायचे कारणच नव्हते.

फ्रान्सिस पेटिट स्मिथ आणि जॉन एरिकसन या दोघांनी १८३६ साली पाण्याखाली फिरणाऱ्या पंख्याची वेगवेगळी एकस्वे घेतली. १८४५ साली इंग्रज आरमाराने पंख्याची 'रॅटलर' आणि चाकांची 'अलेक्टो' या दोन बोटी एकमेकींना पाठीला पाठ लावून बांधल्या आणि ओढाताण लावून दिली. 'रॅटलर'ने 'अलेक्टो'ला फरफटत नेले. पंखा जिंकला. पण पंखा जिंकला म्हणजे दांडा पाण्याखालून बोटीत आणणे आले आणि वॉटची डबी आता बोटीच्या तळाशी जाऊन बसली.

इथे एक फरक विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावा. वाफेच्या इंजिनाचा दांडा पुढेमागे सरकतो. त्याचा वेगवेगळा भाग दोरीखाली येतो, तेल ओढून आणतो आणि निवतोही. फिरता दांडा मात्र त्याच जागी, त्याच दोरीवर, तासन् तास घासत राहतो. म्हणून उष्णता एका जागी साठते आणि चर पडते ती नेमकी त्याच कड्यात.

पंख्याच्या बोटींना सुरुवातीला मोठी डोकेदुखी झाली ती बोटीच्या बाहेरच्या टोकाशी असलेल्या बेअरिंगची. पितळी बेअरिंगे थोड्याच दिवसांत झिजून जात. जॉन पेन याने १८५४ साली यावर उपाय काढला. त्याने धातूऐवजी लिग्नम व्हायटी या वेस्ट इंडीजकडच्या अतिशय कठीण लाकडाच्या पट्ट्या बसवल्या, दोन पट्ट्यांमध्ये खाचा ठेवल्या आणि त्या खाचांतून समुद्राचे पाणी खेळू दिले. या लाकडात नैसर्गिक राळ असते आणि पाणी वंगणाचे काम करते. जे पाणी बाहेर ठेवण्यासाठी सारा खटाटोप चालला होता, त्याच पाण्याला कामाला लावल्यावर प्रश्न सुटला. मिस्त्रींच्या वाक्याचे मूळ इथेच आहे.

थेंब काय करतो?

थेंब दांड्याला थंड करतो, असे आम्ही बरेच दिवस समजत होतो. आकडे मांडल्यावर तेवढे खरे वाटेना. समजा दांडा ३० मिलिमीटर व्यासाचा आहे आणि मिनिटाला १५०० फेरे घेतो. त्याच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला सुमारे २.३६ मीटर येतो. पॅकिंगचे घर्षणबल ४० न्यूटन धरले तर सेकंदाला सुमारे ९४ ज्यूल उष्णता निर्माण होते. म्हणजे मुठीएवढ्या डबीत जवळजवळ १०० वॉटचा दिवा पेटवून ठेवण्यासारखे झाले. आता वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरू. सेकंदाला एक थेंब गळला आणि तो ३० अंशांनी तापून बाहेर पडला, तर तो नेतो अवघे ६ ज्यूल. उरलेले ८८ ज्यूल दांड्यातून, धातूच्या डबीतून आणि आतल्या पाण्यातून निघून जावे लागतात.

मग थेंबाचे महत्त्व काय? दांडा आणि दोरी यांच्यामध्ये पाण्याचा एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. तो असेपर्यंत घर्षण बेताचे राहते. टपकणारा थेंब ही त्या पापुद्र्याची बाहेर दिसणारी खूण आहे. थेंब थांबला याचा अर्थ पापुद्रा तुटला. मग कोरडे घर्षण सुरू होते, उष्णता अनेक पटींनी वाढते, दोरीतली चरबी वितळून वाहून जाते, दोरी कडक होते आणि कडक दोरी दांड्याला कानशीसारखी घासते. आमच्या हातून मामांच्या पंपाचे जे झाले ते असे झाले.

विहिरीवरच्या पंपात आणखी एक गंमत असते. पंप पाणी ओढत असतो, त्यामुळे डबीच्या आतला दाब कधी कधी बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. अशा वेळी पाणी बाहेर येत नाही, हवा आत शिरते आणि पंप पाणी सोडून देतो. यासाठी काही पंपांत दोरीच्या कड्यांच्या मधोमध छिद्रे असलेले एक धातूचे कडे बसवतात आणि पंपाच्याच दाबाचे थोडे पाणी नळीने तिथे आणून सोडतात. इथेही पाण्यानेच पाखरण केली जाते.

दोरी कशाची?

आता आपल्या वऱ्हाडाचा संबंध येतो. बोटीच्या डबीसाठी जुन्या काळापासून नावाजलेली दोरी म्हणजे फ्लॅक्सची. फ्लॅक्स म्हणजे आपले जवस! विदर्भात रब्बीत जवस पेरतात ते तेलासाठी. त्याच जातीच्या उंच वाढणाऱ्या, कमी फांद्यांच्या वाणांपासून युरोपात धागा काढतात आणि त्याचे लिनन विणतात. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव लायनम युसिटॅटिसिमम. दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'अत्यंत उपयोगी' असा आहे. जवसाचा धागा ओला झाला की दुबळा होत नाही, उलट अधिक बळकट होतो आणि थोडा फुगतो. चरबी आणि मेण पाजून चौकोनी वीण केली की समुद्राच्या पाण्यात तो दीर्घकाळ टिकतो. कापसाच्या सुताची चरबी आणि ग्रॅफाइट लावलेली दोरी पाण्याच्या पंपांना चालते.

अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१-६५) वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी जगाच्या बाजारात मागणी आली. लोहमार्ग अकोल्यावरून पुढे गेला, आणि १८७० साली खामगावच्या बाजारपेठेला लोहमार्गाची शाखा जोडली गेली. सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे वाफेवरचे कारखाने उभे राहिले. त्या प्रत्येक इंजिनाच्या दांड्यावर एक स्टफिंग बॉक्स होता. गाठी दाबणाऱ्या जलदाबाच्या प्रेसचे तत्त्व जोसेफ ब्रामा याने १७९५ साली एकस्वात मांडले होते. तिथेही अडचण गळतीचीच आली. तिच्यावरचा उपाय, म्हणजे पाण्याचा दाब वाढेल तशी आपोआप घट्ट बसणारी चामड्याची वाटी, हेन्री मॉड्स्ले या त्याच्या कारागिराने काढल्याचे मानतात. पुढे १९२६ साली किर्लोस्करवाडीत अपकेंद्री पंप तयार होऊ लागले. विहिरीवर मोटेच्या जागी पंप येत गेले, तसतशी ही डबी कारखान्यातून शेतात आली. मुंबई राज्याच्या किनाऱ्यावर साधारण १९५० नंतर मच्छीमार होड्यांना इंजिने बसू लागली, तेव्हा तीच डबी कोळ्यांच्या होडीतही गेली.

वाफ अधिक तापू लागली तेव्हा सूत आणि जवस जळू लागले. मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी आली. न जळणारी, न कुजणारी, स्वस्त. ती बसवणाऱ्या आणि जुनी दोरी उकरून काढणाऱ्या माणसांच्या फुफ्फुसांत तिचे तंतू गेले. अ‍ॅस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांमुळे कर्करोग होतो हे आज निर्विवाद आहे, आणि रोग दिसायला वीस-तीस वर्षे लागत असल्याने ज्यांनी गळती थांबवली त्यांना आपण कशाने आजारी पडलो हेही पुष्कळदा कळले नाही. बाळापूर तालुक्यातच पारसचे औष्णिक वीजकेंद्र आहे. १९६० च्या दशकात तिथे वीज तयार होऊ लागली. जुने संच बंद झाले आणि आज प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. कोणत्याही औष्णिक केंद्रात वाफेच्या शेकडो झडपांना असे भरण लागते, म्हणून हा विषय आपल्या विद्यार्थ्यांपासून दूरचा नाही. जुन्या यंत्रातून करड्या-पांढऱ्या तंतूंचे पॅकिंग निघाले, तर ते कोरडे ओढू नये, फुंकर मारू नये, वर्गात नमुना म्हणून आणू नये.

अ‍ॅस्बेस्टॉसची जागा पुढे ग्रॅफाइट आणि टेफ्लॉन यांनी घेतली. टेफ्लॉन हा अतिशय निसरडा पदार्थ रॉय प्लंकेट याला १९३८ साली योगायोगाने सापडला होता. मात्र निसरडेपणा एवढाच निकष धरून चालत नाही. ग्रॅफाइट विजेचा वाहक आहे. खाऱ्या पाण्यात ग्रॅफाइट आणि धातूचा दांडा एकमेकांना टेकले की छोटासा विद्युतघट तयार होतो आणि त्यात झिजतो तो दांडा. म्हणून समुद्रातल्या बोटीत ग्रॅफाइटची दोरी जपून वापरतात. जवसाची किंवा टेफ्लॉनची अधिक बरी मानतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात, जिथे विहिरींचे पाणीच खारट, तिथेही हा विचार करायला हरकत नाही.

भरावी कशी, आवळावी किती?

दोरीची जाडी मोजून ठरते. डबीचा आतला व्यास वजा दांड्याचा व्यास, भागिले दोन. डबी ४१ मिलिमीटर आणि दांडा २५ मिलिमीटर असेल तर दोरी ८ मिलिमीटरची. जुनी दोरी सगळी काढावी. तळाशी उरलेल्या एका कुजक्या कड्यामुळे नव्या दोरीचे काम फुकट जाते. दांड्याच्याच जाडीच्या काठीवर दोरी गुंडाळून एकेक कडे स्वतंत्र कापावे. कडी डबीत एकेक करून बसवावीत, आणि एकाचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर येऊ देऊ नये. तसे झाले तर पाण्याला सरळ वाट मिळते. अखंड दोरी जिन्यासारखी गुंडाळून भरणे सोपे, पण मग पाणीही त्याच जिन्याने उतरते.

प्रत्येक कडे बसवल्यावर ते वेगळे दाबावे, असे जाणकार सांगतात. का? याचे उत्तर धान्याच्या कणगीत आहे. कणगीत ज्वारी कितीही उंच भरली तरी तळावरचा दाब त्या प्रमाणात वाढत नाही, कारण दाण्यांचे बरेचसे वजन भिंतींवरचे घर्षण पेलते. यान्सेन या जर्मन अभियंत्याने १८९५ साली हे गणितात मांडले. डबीतही तसेच घडते. ग्लँडने वरच्या कड्यावर दिलेला दाब खाली जाताना भिंतींवर खर्च होतो. समजा प्रत्येक कडे मिळालेल्या दाबापैकी ७० टक्केच पुढे देते. मग पाच कड्यांना मिळणारा दाब १००, ७०, ४९, ३४ आणि २४ असा उतरत जातो. आतले पाणी मात्र सर्वांत आधी भेटते ते पाचव्या, म्हणजे सर्वांत ढिल्या कड्याला! म्हणून सगळी कडी एकदम भरून मग नट जोराने आवळले, तर बाहेरचे एकटे कडे दांड्याला जाळते आणि आतली चार नुसती बसून राहतात. जुने पॅकिंग आवळत राहण्यात अर्थ नसतो, तोही याच कारणाने.

सगळी कडी बसली की नट प्रथम हाताने बसतील तेवढेच बसवावेत. यंत्र सुरू करावे. सुरुवातीला पाणी भरपूर गळेल, गळू द्यावे. दहा-पंधरा मिनिटांनी दोन्ही नट सारखे, षटकोनाच्या एका बाजूएवढे, म्हणजे एक षष्ठांश फेरा आवळावेत. पुन्हा थांबावे. डबीवर हात ठेवून पाहावा. हात ठेवणार नाही इतकी तापली असेल तर नट लगेच सैल करावेत. बोटीत पंखा फिरताना मिनिटाला काही थेंब आणि बोट उभी असताना जवळजवळ शून्य, एवढे झाले की थांबावे. पंपाला थेंब अधिक लागतात, साधारण सेकंदाला एक. मग वरचा नट आवळून खालचा अडकवून टाकावा. अनेक बोटींत ही डबी जाड रबरी नळीने बोटीला जोडलेली असते, म्हणजे इंजिन हादरले तरी डबी दांड्याबरोबर हलते. त्या नळीच्या पट्ट्याही वेळोवेळी तपासाव्यात. डबी कितीही नीट आवळली आणि नळीच फाटली तर काय उपयोग!

मिनिटाला पाच थेंब म्हणजे दिवसाला ७२०० थेंब, ३६० मिलिलिटर. एवढे पाणी एका तांब्याने उपसून टाकता येते. त्याच्या बदल्यात दांडा वाचतो.

वर्गात करून पाहण्यासाठी

प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाजवळ भोक पाडून त्यात रिकाम्या पेनच्या नळीचा दोन इंची तुकडा चिकटवावा. त्यातून विणकामाची सुई घालावी. सुईभोवती व्हॅसलिन लावलेल्या सुताची कडी एकेक करून नळीत ढकलावीत आणि सुईवर ओवलेल्या बारीक नळीने ती दाबावीत. बाटलीत पाणी भरून सुई फिरवावी आणि मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजावे. मग कड्यांची संख्या बदलून आलेख काढावा. कोरडे सूत आणि व्हॅसलिनचे सूत, स्वतंत्र कडी आणि अखंड गुंडाळी, अशी तुलना करावी. थेंब थांबतात तेव्हा सुई फिरवायला किती जोर लागतो, हे विद्यार्थ्यांच्या बोटांना आपोआप कळेल. आम्हांला ते अठराव्या वर्षी कळले नव्हते.

आज नव्या पंपांत आणि बऱ्याच बोटींत दोरीच्या जागी यांत्रिक सील असते. आरशासारखे घासलेले दोन चपटे गोल, बहुधा एक कार्बनचा आणि एक सिरॅमिकचा, स्प्रिंगने एकमेकांवर दाबलेले असतात. त्यातून थेंब पडत नाही. पण त्या दोन गोलांमध्येही पाण्याचा पापुद्रा असावाच लागतो. तो इतका पातळ असतो की बाहेर येईपर्यंत त्याची वाफ होऊन जाते. पाण्याशिवाय कोरडे चालवले तर ते सीलही पाहता पाहता जळते. कूपनलिकांतल्या पाणबुडी पंपांनी तर प्रश्नच उलटा केला: दांड्याबरोबर मोटरच पाण्यात उतरवली.

मामांच्या विहिरीवर आता पाणबुडी पंप आहे. तो जुना दांडा मात्र त्यांनी टाकला नाही. आम्ही तो मागून घेतला आणि आमच्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवला आहे. नवे विद्यार्थी येतात, एखाद्या उपकरणातली गळती किंवा मोजमापातली चूक शून्यावर आणायला निघतात, तेव्हा आम्ही त्यांना त्या दांड्यावरच्या चरांवरून बोट फिरवायला सांगतो.